आतली कडी

आधी शिपाईमावशींचं सांगतो, मग घराचं. घरापासून सुरुवात केली तर मावशी मागे राहतील, आणि कुठल्याही गोष्टीत मागे राहायची त्यांना सवयच आहे. आमच्या हायस्कूलची घंटा त्या द्यायच्या. व्हरांडा झाडायच्या, पिण्याच्या पाण्याची टाकी भरायच्या, ऑफिसातली नोटीस वर्गावर घेऊन यायच्या. सगळी शाळा त्यांना मावशी म्हणायची, हेडसरसुद्धा. मला मदत केली ती या मावशींनी. आईवडिलांनी काही केलं नाही असं मी म्हणत नाही, सरांनीही केलं. पण परक्या मुलखात एकटं राहण्याचं बळ मला ज्या एका संध्याकाळनं दिलं, ती मावशींची. त्यांना विचाराल तर म्हणतील, "मी काय केलं बाबा? दूध तापवलं."

मी हे आंध्रातल्या एका गावात बसून लिहितोय. खाली दुकान आणि भट्टी, वर माझी खोली. सोनार मोडीचं सोनं घेऊन येतात, मी ते गाळून शुद्ध करून देतो. आमच्याकडे या धंद्याला गलाई म्हणतात. सातारा जिल्हा संपून सांगली सुरू होते तिथलं आमचं गाव. पाऊस कमी, म्हणून घरटी कुणी ना कुणी गलाईला गेलेलं. कुणी तमिळनाडूत, कुणी पंजाबात, कुणी पार आसामात. पैसा झाला की माणूस गावात घर बांधतो. चांगलं दुमजली, पायऱ्यांना ग्रॅनाइट, गच्चीला स्टीलचा कठडा. वास्तुशांत करतो, गावजेवण घालतो, दाराला कुलूप लावतो आणि परत जातो.

मग गाव उघडतं ते चैत्रातल्या यात्रेला. त्या आठवड्यात गल्लीत मोटारी मावत नाहीत, पोरं एकमेकांशी तमिळमध्ये भांडतात, बायका गच्चीवरून एकमेकींना हाका मारतात. पालखी झाली, कुस्त्यांचं मैदान झालं, की परत कुलपं. यात्रा सरल्यावरचा तो सोमवार मला लहानपणापासून नको वाटायचा.

आमचंही घर तसलंच. वडिलांचं दुकान तमिळनाडूत. मी सातवीत असताना आई धाकट्या बहिणीला घेऊन तिकडं गेली. मला मात्र इथंच ठेवलं, मराठी शाळा मध्येच तुटायला नको म्हणून. जेवायला चुलतीकडं, झोपायला आपल्या घरी. "घरात दिवा लागला पायजे," वडील म्हणायचे. एक दिवस सकाळी मला गाढ झोप लागलेली. चुलतीनं दार बडवलं, हाका मारल्या, मला जाग आली नाही. ती एवढी घाबरली की त्या दिवसापासून तिनं बाहेरून कुलूप लावायला सुरुवात केली. संध्याकाळी मला आत सोडायची, कुलूप घालायची, सकाळी उघडायची. तिचा हेतू वाईट नव्हता. मला जपायचं म्हणजे काय करायचं, हे तिला तेवढंच सुचलं.

मी मूळचा भित्रा. आजही दुकानाचं शटर ओढलं की चार पावलं जाऊन परत येतो आणि कुलूप ओढून बघतो. गॅस बंद आहे का बघतो, परत बघतो. तेव्हा त्या मोठ्या घरात वरच्या खोल्यांना कुलपं, खालच्या खोलीत मी, आणि मुख्य दाराला बाहेरून कुलूप. कुणी येईल याची भीती वाटायची नाही. कुणी येणारच नाही, याचीच वाटायची.

नववीत आम्हाला घर बांधायला मिळालं. खेळातलं नाही, खरं. शाळेत तंत्रज्ञानाचा विषय होता आणि तो शिकवणारे सर रहिमतपूरहून मोटारसायकलवर यायचे. त्यांचं म्हणणं, स्टुलं आणि खुंट्या करून पोरांना काही येत नाही, घर बांधलं तर सगळंच येईल. आणि घराची गरज समोरच होती. मावशी प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत राहायच्या. त्यांचे मालक, म्हणजे नवरा, आधी शाळेत शिपाई होते, ते गेल्यावर नोकरी मावशींना मिळाली आणि खोलीही तीच. मोडकी बाकं एका अंगाला, मावशींचा संसार दुसऱ्या अंगाला. आदल्या यात्रेला आलेल्या मंडळींनी विटा, सिमेंट, पत्रे द्यायचं कबूल केलं होतं. जागा शाळेची, मैदानाच्या कडेला. दोन खोल्या, पुढं ओटा.

दिवाळीनंतर आम्ही दोरी धरून चुन्याची फक्की टाकली तेव्हा मावशी घंटेचा हातोडा हातात घेऊन कडेला उभ्या होत्या.

"एवढीच व्हय रं खोली?" त्यांनी विचारलं. फक्कीनं आखलेली खोली जमिनीवर लहानच दिसते.

"भिंती उठल्या की मोठी दिसेल, मावशी," सर म्हणाले.

"नसली तरी चालंल. बाकं तेवढी आत ठिवू नगा."

मुलं-मुली सगळे कामाला होते. एक मुलगी ओळंबा धरण्यात इतकी तरबेज झाली की भिंत वाकडी आहे हे ती लांबून सांगायची. पत्रे चढवायला सरांनी कराडहून माणसं आणली, बाकी सगळं आमचं. उंचावर माझे पाय लटपटतात, म्हणून सरांनी मला जमिनीवरचं काम दिलं, दार. लाकूड तासायचं, चौकट जोडायची, बिजागऱ्या बसवायच्या. रंध्यातून लाकडाची ढलपी गुंडाळी होऊन बाहेर पडते ना, ती बघताना माझ्या डोक्यातल्या काळज्या तेवढ्यापुरत्या थांबायच्या.

माझा एक मित्र होता, गवंडीकामाच्या गटात. त्यांची विहिरीवरची बागायत, घरी म्हशी, त्यामुळे गलाईला कुणी गेलेलं नाही. तो मला छळायचा.

"काय गड्या, दार करतूयास? तुमच्या घरी हाईत की पाच-सा दारं, समदी बंद. त्यातलं एक आनून बसीव की."

"तुमच्या म्हशीला बसीव," मी म्हणायचो. याच्या पलीकडं मला कधी सुचलं नाही.

शाळा सुटली की पोरं घरी पळायची. मी भिंतींवर पाणी मारायच्या निमित्तानं मागे राहायचो. नवं बांधकाम भिजतं ठेवावं लागतं. मावशी टाकीतून बादल्या भरून द्यायच्या, मी डबड्यानं पाणी मारायचो. मग त्या चहा टाकायच्या. त्या मूळच्या वाईकडच्या. त्यांच्या बोलण्यात कृष्णेचा घाट यायचा, घाटावर धुणं धुताना मैत्रिणी एकमेकींचे पाय कसे ओढायच्या ते यायचं. एवढी वर्षं या पाण्याला महाग असलेल्या गावात काढूनही त्यांच्या मनातली नदी आटली नव्हती.

"तुला कुनी बोलवाय यीत न्हाई रं?" एकदा त्यांनी विचारलं.

"चुलती येते की. कुलूप लावायला."

त्यांनी माझ्या कपात अजून थोडा चहा ओतला. दुसऱ्या दिवशीपासून दिवेलागणीला त्या मला घरापर्यंत सोडायला येऊ लागल्या. चुलती कुलूप घालायची तेव्हा त्या बाजूला उभ्या असायच्या आणि कुलूप लागल्यावर दाराबाहेरून म्हणायच्या, "जातो रं आमी." चुलती तसं कधी म्हणायची नाही. तिला ते सुचायचं नाही.

फेब्रुवारीत वडिलांचा फोन आला. दुकानातला पोरगा काम सोडून गेला होता.

"यात्रा झाली की माज्यासंगं यायचं," ते म्हणाले. "दहावी काय, भाहेरनं बी देता यीती."

मी बरं म्हणालो. शाळा सुटते म्हणून मी फार रडलो असं नाही. मार्कही काही मिरवण्यासारखे नव्हते. माझं एकाच गोष्टीवर मन अडकलं. ते घर पुरं व्हायच्या आत मी जाणार होतो. आमच्या गावात मी किती घरं बांधून होताना पाहिली होती. रंग झाला, तोरण लागलं, लाइटच्या माळा लागल्या आणि दार बंद. आपलंही तसंच. या एका घरात, जे आम्ही बांधलं, ज्याचं दार मी केलं, त्या घरात चूल पेटलेली मला बघायची होती. बांधलेल्या घरात माणूस राहायला येतो, एवढंच एकदा डोळ्यांनी बघून मग मी कुठंही जायला तयार होतो. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते वाटतच नव्हतं.

दार बसवलं त्या दिवशी सर तालुक्याला मीटिंगला गेले होते. आमच्या गटानं सगळं मनापासून केलं. दोन्ही बिजागऱ्या एका रेषेत, दार कुठं घासत नाही. कडी-कोयंडा असा भक्कम बसवला की दोघांनी लोंबकळलं तरी हलणार नाही. कुणीतरी घरून पितळी कुलूप आणलं. कुलूप घातलं, ओढून बघितलं. प्रत्येकानं येऊन ओढून बघितलं. टाळ्या झाल्या.

मावशींना बोलावलं. त्यांनी दारावरून हात फिरवला, कुलूप काढलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. दार आपोआप हळूच उघडलं. त्यांनी परत लावलं. परत उघडलं.

आतून आवाज आला, "पोरांनो, मी आत हाय. आता काय लावू?"

आम्ही सगळे त्या दाराकडं बघत राहिलो. दाराला आतून काहीच नव्हतं. कडी नाही, बोल्ट नाही, अडसर नाही. नुसतं गुळगुळीत लाकूड, मी रंधा मारलेलं. आमच्या गटात पाचसहा जण होते आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं.

मावशी बाहेर आल्या. "मला कोंडायचा इचार हाय का काय?"

पहिल्यांदा माझा मित्र हसला. हातात थापी घेऊन तो ओट्यावरच बसला. "आवं मावशी, ही गलाईवाल्यांची पोरं. ह्यांच्यात घराला भाहेरच असतंय. आत कोन ऱ्हातंय?" मग सगळेच हसले. मीही हसलो. पण माझे कान गरम झाले होते, कारण तो बरोबर बोलला होता.

सर आल्यावर त्यांनी दार दोन्ही अंगांनी पाहिलं. ते रागावले नाहीत. आम्हाला प्रत्येकाला कागद दिला आणि आपापल्या घराच्या दाराचं चित्र काढायला सांगितलं. ते कागद त्यांनी पुन्हा पुन्हा चाळले. बहुतेकांनी दार बाहेरून काढलं होतं, बंद, आणि मधोमध कुलूप. मित्राच्या कागदावर दार सताड उघडं होतं आणि आतून म्हैस तोंड काढत होती. दारातून म्हैस कशी येईल असं सरांनी विचारलं, तर म्हणाला, "येती की सर, ओली वैरन दावली की."

त्या आठवड्यात सरांनी कराडहून एक लोखंडी कडी आणली आणि माझ्या हातात दिली. "तू बसव. आत उभा राहून बसव." मी आत गेलो, दार लोटलं आणि पटाशीनं चौकटीत खाच घेतली. खिडक्या अजून उघड्याच होत्या, तिथून मैदानावरची पोरं दिसत होती. पण आतून दार लावून काम करताना मला एकदाही भीती वाटली नाही, हे मला आठवतं.

यात्रा आली. वडील आले, आई आली, बहीण आली. आमच्या घराच्या वरच्या खोल्या उघडल्या, गाद्या उन्हात पडल्या. आई दिसली तेव्हा मी पुढं होऊन तिची पिशवी घेतली. ती माझी उंची बघत राहिली. वडिलांनी मिरजेहून परतीची तिकिटं काढली होती आणि ती एप्रिलातच होती. शाळेतल्या घराचं उद्घाटन एक मेला. पाहुणे ठरले होते, फीत कापायची होती. तोपर्यंत आत कुणी पाऊल टाकायचं नाही, अशी हेडसरांची ताकीद होती. आतला गिलावा थोडा राहिला होता, खिडक्यांना काचा नव्हत्या, जमिनीवर नुसता कोबा.

मी मावशींना एवढंच म्हणालो, "मावशी, उद्घाटनाला मी नसणार."

त्या व्हरांडा झाडत होत्या. झाडत राहिल्या. "व्हय का," म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. त्या विसरल्या असं वाटलं. आपल्यासारखी पोरं दरवर्षी येतात आणि जातात, त्यांनी कुणाकुणाचं मनाला लावून घ्यायचं, असं मी स्वतःला समजावलं.

निघायच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला मित्र दारात आला. "मावशीनं बोलावलंय. कडी अडकतीया म्हनं. पटाशी घिऊन ये."

मी पटाशी घेऊन पळत गेलो. दार ढकललं, तर आत मावशी बसलेल्या. तीन विटांची चूल मांडलेली. चुलीत माझ्याच लाकडाच्या ढलप्या, मी महिनाभर तासून कोपऱ्यात सारलेल्या. चुलीवर छोट्या पातेल्यात दूध. भिंतीला टेकवलेली देवाची तसबीर, तिच्यापुढं हळदकुंकू.

"कडीला काय झालं?" मी विचारलं.

"कडीला काय व्हतंय? आत ये."

"आवं मावशी, हेडसर..."

"हेडसरांचं उद्घाटन हेडसर करतील. माजं मी करतीया. दार लाव."

मी दार लावलं.

"कडी घाल."

मी कडी घातली. ती अडकली नाही. मी स्वतः बसवलेली, ती कशाला अडकेल.

दूध वर येऊ लागलं. उतू जाईपर्यंत त्यांनी हात लावला नाही. पातेल्याच्या कडेवरून ते खाली आलं, विटेवरून ओघळलं, कोब्यावर पसरलं. नव्या घरात असं करतात हे मला माहीत होतं. आमच्या घराच्या वेळी आईनंही केलं होतं. पण तेव्हा भटजी होते, कॅमेरेवाला होता आणि दोन दिवसांत कुलूप. इथं मावशी आणि मी. धुराला जायला नीट वाट नव्हती, आम्ही दोघं खोकत होतो. त्या खोकत खोकत हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते धुराचं म्हणायची सोय होती.

त्यांनी दूध वाटीत ओतून मला दिलं. "घर चालू झालं," म्हणाल्या. "आता जा खुशाल."

तेवढ्यात दारावर थाप पडली. हेडसरांचा आवाज. "कोण आहे आत?"

मी वाटी खाली ठेवली. मावशी उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी हाय सर. घरात हाय."

 मग मावशींनी उठून कडी काढली आणि दार उघडलं. हेडसरांनी चूल पाहिली, मला पाहिलं, कोब्यावरचा दुधाचा डाग पाहिला. त्यांच्या कपाळावर आठी होती. मला वाटलं, आता मावशींची नोकरी जाते. माझ्यामुळं जाते.

"पाहुणे येणार आहेत," ते म्हणाले. "तो डाग तेवढा पुसून घ्या."

आणि गेले.

त्या संध्याकाळी मावशी मला सोडायला आल्या. आमच्या घरात आई होती, दिवे होते, दाराला कुलूप नव्हतं. तरी त्या दारातून म्हणाल्या, "जातो रं आमी."

मित्रानं नंतर फोनवर सांगितलं, डाग निघालाच नाही. त्यावर सतरंजी टाकून फीत कापली. मावशी अजून त्याच घरात राहतात.

मला इकडं येऊन बरीच वर्षं झाली. आधी वडिलांबरोबर होतो, मग त्यांनी इथं वेगळं दुकान घालून दिलं. भाषा कामापुरती येते. सोनारांशी बोलतो, चहावाल्याशी बोलतो, रविवारी दिवसभर कुणाशी बोलत नाही. दहावी बाहेरून द्यायची राहिली ती राहिलीच. पण संध्याकाळी खोलीत आलो की मी आतून कडी घालतो, स्टोव्हवर थोडं दूध ठेवतो आणि कधी कधी मुद्दाम उतू जाऊ देतो. घरमालकीण ओरडते. तिला काय सांगणार.

हे सगळं आताच लिहायला बसलो, कारण मित्राचा परवा परत फोन आला. मावशी लवकरच रिटायर होणार. घर शाळेचं. नवा शिपाई येईल, तो बायकापोरांसह तिथं राहील. त्याचं काही चूक नाही, घर राहण्यासाठीच बांधलंय. पण मावशी कुठं जाणार, असं मी विचारलं, तर मित्र म्हणाला, "वाईला भाऊ हाय म्हनत्यात. पर गड्या, भावाच्या घरात भावाची सून." पुढं तो म्हशींविषयी बोलत राहिला आणि मला काही ऐकू येईना.

आमचं घर तिथंच आहे. खालची खोली, मी झोपायचो ती. स्वयंपाकघर. मागे नळ. किल्ली तमिळनाडूत वडिलांच्या दुकानातल्या खिळ्याला टांगलेली असते. मी अजून वडिलांना विचारलेलं नाही. फोन हातात घेतो, ठेवतो. ते म्हणतील, परक्या बाईला घर कशाला. चुलती काय म्हणेल तेही मला ठाऊक आहे. मी भित्रा आहे हे वर लिहिलंच आहे. तरी मी विचारणार आहे, आणि ते नाही म्हणाले तर परत विचारणार आहे.

मावशी, तुम्ही हे वाचणार नाही, कुणी वाचून दाखवलं तर हसाल. पण तुमचं शाळेतलं घर सुटेल त्याच्या आत मी गावी येईन. आमच्या दाराची आतली कडी गंजून बसली असेल, ती काढून नवी बसवीन, आत उभा राहून. मग किल्ली तुमच्या हातात देईन आणि बाहेरचा कोयंडा उपसून टाकीन. त्या घरात दूध तुम्हीच तापवायचं. मी निघताना दारातून "जातो मी" म्हणेन, आणि तुम्ही आतून कडी घालायची.